चोर नसताना वाजणारा सायरन

घरफोडीची सूचना देणारा सायरन अचानक वाजू लागल्यास, बिघाड झाला असे प्रथमच गृहीत धरू नये. दारे-खिडक्या बाहेरून पाहाव्यात. कुलूप तुटलेले आढळल्यास आत न शिरता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

घरफोडी झाली नसल्याची खात्री पटल्यावर सांकेतिक क्रमांक दाबून सायरन थांबवावा आणि नियंत्रण पॅनेलवरील नोंद पाहावी. इशारा कोणत्या दारावरून वा खोलीतून आला, हे बहुतेक यंत्रणांमध्ये तेथे समजते. पावसाळ्यात लाकूड फुगून दारावरील चुंबक स्विचपासून दूर सरकला, तर दार उघडल्याचा संदेश जातो. हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतील बदल ओळखतो. त्यामुळे भिंगावर फिरणारी पाल, कोळी किंवा थेट पडणारे ऊन यांनीही तो फसतो.

वीज गेल्यानंतर सायरन वाजत असेल, तर पॅनेलमधील बॅटरी तपासावी. सामान्यतः १२ व्होल्टची ही बॅटरी ३ ते ५ वर्षांत क्षीण होते. घराबाहेरील अनेक सायरनमध्ये स्वतंत्र बॅटरी असते. चोराने तार कापली तरी तो वाजावा, अशीच त्याची रचना असते. म्हणूनच वीजपुरवठा तोडून आवाज थांबेलच असे नाही.

दोष न शोधता यंत्रणा बंद ठेवणे धोक्याचे आहे. तसेच वारंवार खोटा इशारा मिळाल्यास शेजारी दुर्लक्ष करू लागतात आणि प्रत्यक्ष चोरीच्या वेळी मदतीला कोणीच धावत नाही.