फवारणीचे विष आणि ऑक्झाइम

वाशिम जिल्ह्यात फवारणीचे दिवस आले की आपल्या वर्गातील कित्येक मुलांचे वडील पाठीवर पंप घेतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले. अशा विषावरील एका उताऱ्याचा इतिहास आपण पाहू.

अल्डिहाइड व हायड्रॉक्सिलअमाइन यांच्या संयोगातून ऑक्झाइम बनते. व्हिक्टर मायर यांनी १८८२ साली ही संयुगे प्रथम तयार केली. तेव्हा ती केवळ प्रयोगशाळेतील स्फटिक होती.

मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके चेतासंस्थेतील कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात. हायड्रॉक्सिलअमाइन ते सोडवते, पण सावकाश. म्हणून आयर्विन विल्सन व सारा गिन्सबर्ग यांनी १९५५ साली पिरिडीनच्या ॲरोमॅटिक वलयाला ऑक्झाइम जोडले. हेच प्रॅलिडॉक्झाइम. वलयावरील धनभार रेणूला विकरात नेमका बसवतो आणि ऑक्झाइम फॉस्फेट ओढून काढते.

मात्र उशीर झाला की फॉस्फेटची पकड कायमची होते. श्रीलंकेतील २००९ च्या चाचणीत तर या औषधाने मृत्यू घटले नाहीत. मुख्य उपचार ॲट्रोपिनचाच. म्हणून रसायनाच्या तासाला एवढे तरी सांगूया : भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.