शेजाऱ्याला वर्दी

१६ एप्रिल १९४७. अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या बंदरात ‘ग्रँडकँप’ ही फ्रेंच बोट उभी होती. तिच्यात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे शेतीचे खत, भरलेले. सकाळी आठच्या सुमारास आग दिसली. नारिंगी धूर पाहावयास धक्क्यावर बघ्यांची गर्दी लोटली. त्यांत पोरेही होती. लगतच मोन्सँटोचा रासायनिक कारखाना, आणि तेथे काम नित्याप्रमाणे चाललेले! नऊ वाजून बारा मिनिटांनी बोट उडाली. बळी पाचशेंवर गेले. त्यांत गावचे सत्तावीस स्वयंसेवक बंबवाले होते.

म्हणजे तास-सव्वा तास हाती होता. धोका कोणी ओळखला नाही, हे खरेच. पण शेजाऱ्याला वर्दी देणे हे कोणा एकाचे कामच नव्हते, हे मला अधिक गंभीर वाटते. टेलिफोन कामगारांचा तर संप चालू होता. (स्फोटानंतर त्या मुली आपण होऊन कामावर परतल्या, हेही सांगितले पाहिजे.)

पुढे तेथील कारखान्यांनी परस्पर साहाय्याची संघटना उभारली. अशा योजनेत बिनतारी संचाचे मोल मोठे. तारा तुटोत, खांब कोसळोत, बॅटरीवरचा संच बोलतो, आणि एका लहरीवर सारे शेजारी एकदम ऐकतात.

पण यंत्र असून भागत नाही. भोपाळला भोंगा होता. वस्ती उगाच घाबरू नये म्हणून बाहेरचा भोंगा लवकर बंद करण्याची तेथे रीत होती. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, वायू सुटलेला असताना, तो तसाच बंद झाला. पुन्हा वाजू लागला तेव्हा लोक रस्त्यांवरून पळत होते.