हे घर किती फुटाला बुडतं?



पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात सध्या "एखादं घर बघूया का" अशी चर्चा चालू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. पावसाळा तोंडावर आहे म्हणून आत्ताच लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीने सांगलीतच एक बैठं घर बघितलं. कॉलनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. दाजींनी एक लाख रुपये विसारही देऊन टाकला होता. मला बोलावलं ते फक्त "दादा, एकदा नजर टाकून जा" एवढ्यापुरतं. घर छान होतं. नवा रंग, नवी फरशी, अंगणात पेरूचं झाड. निघताना मी मालकांना सहज विचारलं, "काका, हे घर किती फुटाला बुडतं?"

काका म्हणाले, "आपल्यात न्हाई येत पाणी. रस्त्याच्या तोंडाला येतं तेवढंच."

बाहेरगावच्या वाचकांना हा प्रश्न विचित्र वाटेल, म्हणून थोडं मागे जातो.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली सांगली संस्थानच्या काळात सुरू झाला. तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं. आज त्या पुलाचं आपल्या लेखी खरं काम म्हणजे नदी मोजणं. पाण्याची पातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ फूट झाली की धोका. जुलै-ऑगस्टमध्ये गावात माणूस माणसाला भेटला की "जेवलास का" याच्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारतो. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणाही फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं आणि गावात पसरतं. आपला पूर डोंगरातल्यासारखा धावत येत नाही, पायरी-पायरीने चढतो. म्हणूनच इथे प्रत्येक गल्लीचा स्वतःचा एक आकडा आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता ही नावं बातम्यांत आधी येतात, मग बाकीची. इतक्या फुटाला अमक्याच्या दारात, तितक्या फुटाला तमक्याच्या ओसरीवर. पत्त्यात पिनकोड असतो तसा आपल्याकडे घराला फूट असतो. फक्त तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नसतो.

पूर्वी तो लिहायची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीला राजधानी केली आणि गाव वाढायला लागलं. गावभागातले जे जुने वाडे अजून उभे आहेत ते जाऊन बघा. दगडी जोतं, तीन-चार पायऱ्या चढल्याशिवाय ओसरी नाही, वर माळा. जुन्या लोकांकडे पूर येत नव्हता असं नाही. गावभागात पाणी शिरायचं, आजही शिरतं. पण घर बांधणारा, त्यात राहणारा आणि विकत घेणारा तिघेही त्याच गावचे होते. कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीला लागलं हे सगळ्यांच्या तोंडावर होतं. घराची पाहणी वेगळी करावी लागत नव्हती, गावच ती करून ठेवत होतं.

हे मोडलं ते गाव बाहेर पसरायला लागलं तेव्हा. नोकरीसाठी, शिक्षणासाठी आसपासच्या तालुक्यांतून माणसं आली. गावात जागा परवडेना. मग शेतातले गुंठे पाडून विकायला सुरुवात झाली. बिनशेती नाही, रेखांकन नाही, स्टँपवर व्यवहार. जी जमीन सखल, जिच्यात पावसाळ्यात पाणी राहतं, ती स्वस्त. त्यामुळे गरीब माणूस तिथेच गेला. ओत बुजले, नाले अरुंद झाले. पुढे २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली. लोकांना आधार मिळाला, ते बरंच झालं. पण नियमित होऊन कागद सरळ झाला, जमीन काही उंच झाली नाही.

सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही. पूर येणाऱ्या जमिनीचे टप्पे पाडून बांधकामं आवरा, असा नमुना कायदा केंद्राने १९७५ सालीच राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला. महाराष्ट्राने परिपत्रकावर भागवलं. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकातून निळी आणि लाल पूररेषा आली. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकाम नको, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर.

इथे एक गैरसमज आहे. "२५ वर्षांतून एकदा" म्हणजे एकदा आला की पुढची २५ वर्षं सुट्टी, असं नाही. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार शक्यता. आता २० वर्षांचं गृहकर्ज धरा. निळ्या रेषेवरच्या घरात हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निघते शंभरात ५६. लाल रेषेवर शंभरात १८. हे गणित मी दाजींना पाटीवर करून दाखवलं तेव्हा ते गप्प झाले. बँकेत हे कुणी सांगत नाही.

आणि आपल्या नदीने हे गणितही पाळलं नाही. २००५ साली आयर्विनला पाणी ५४ फुटांच्या घरात गेलं. तो महापूर बघितलेल्यांनी भिंतीवर रेघ मारून ठेवली आणि ठरवलं, याच्या वर काय येणार? मग १४ वर्षं तेवढा मोठा पूर आला नाही. त्या १४ वर्षांत रेघांवर रंग बसले, घरं हातोहात विकली गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पोचलं. २००५ ला जिथे कोरडं होतं तिथली माणसं "आपल्यात येत नाही" म्हणून घरात बसली आणि अडकली. सपाट गावात तीन-साडेतीन फूट म्हणजे किती गल्ल्या, हे तेव्हा कळलं. वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला, त्यात पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. अहवालाची धूळ झटकायच्या आत २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या जवळ.

आता माझी स्वतःची गोष्ट. २०२१ नंतर मी कॉलनीवार बातमी केली होती, कुठे किती फुटाला पाणी शिरलं याची. छापायच्या आदल्या दिवशी दोन-तीन ओळखीच्या माणसांचे फोन आले. "साहेब, नावं घालू नका. पोरीचं लग्न आहे, घर विकायचंय. तुमच्या बातमीनं दर पडेल." त्यात वाईट माणूस कुणी नव्हता. दोनदा चिखल काढलेली माणसं होती ती, त्यांना फक्त तिथून निघायचं होतं. मी नावं काढली. बातमीत "सखल भागातील काही वसाहती" असं आलं. पंचवीस वर्षांच्या पत्रकारितेत मी खोटं छापलं नाही असं म्हणतो, पण त्या दिवशी खरं गाळलं.

बहिणीने बघितलेलं घर त्याच गाळलेल्या कॉलन्यांपैकी एकीत होतं. मला कॉलनीचा आकडा साधारण माहीत होता, नेमक्या त्या घराचा नव्हता. काकांचं उत्तर ऐकून मी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. अर्ध्या तासात त्यांनी घर वाचलं. रस्ता दरवेळी डांबर चढून वर आलेला, अंगण त्याच्या खाली. विजेचे बोर्ड सगळे छातीच्या वर नेलेले, जुन्या जागी प्लॅस्टरचे चौकोन. नाण्याने भिंत ठोकली तर कमरेखाली पोकळ आवाज. दाराची चौकट खाली फुगलेली, वरून ऑइलपेंट. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, कारण खाली काळी माती, ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. शेवटी मिस्त्रींनी माळ्यावर चढून कपाटामागे टॉर्च मारला. तिथे रंग पोचला नव्हता. गाळाची सरळ रेघ होती.

बाहेर शेजारच्या आजी बसल्या होत्या. त्यांनी न विचारता हात गळ्याला लावला. "हितवर आलंतं बघ लेकरा. दोन्ही टायमाला."

काका ओशाळले. म्हणाले, "त्रेचाळीसला अंगणात येतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही परत आला असता का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विसार त्यांनी तीन हप्त्यांत परत दिला. माणूस सचोटीचाच होता.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या ५५ व्या कलमात आहे की विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष त्याने घेणाऱ्याला सांगितला पाहिजे. पण अट अशी, की तो दोष घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळण्यासारखा नसावा. आता तुम्हीच सांगा, पूर काय लपून येतो? शेजारी विचारलं असतं तर कळलं असतं, असं समोरचा वकील म्हणणार. म्हणजे काळजी शेवटी आपल्याच गळ्यात. आपण मात्र वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा सर्च काढतो, सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सूची दोन बघतो. त्याच ३० वर्षांत तीन महापूर आले, त्यांचा सर्च कोण काढणार? बँकेचा माणूस येतो तो किंमत ठरवायला.

घराचा सर्व्हे म्हटलं की आपल्याला मोजणी आठवते, नाहीतर पूर ओसरल्यावरचा पंचनामा. २०१९ ला शहरात कुटुंबामागे १५ हजारांचं अनुदान आलं, तेही पंचनाम्यानंतर. तोच पंचनामा घर घेण्याआधी करा, एवढंच माझं म्हणणं आहे. जाणत्या मिस्त्रीला किंवा इंजिनियरला फी देऊन घेऊन जा, लाखांच्या व्यवहारात तेवढे पैसे काहीच नाहीत. रंग नवा असेल तर जास्त बघा. महापालिकेत नकाशावर आपला गट नंबर पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघून लेखी दाखला घ्या. भर पावसात एकदा जाऊन या, कारण नदीच्या आधी गटारातून पाणी उलटं येतं. कुठला रस्ता आधी बंद होतो ते विचारा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर कुठून पडणार ते ठरवा. आणि शेजारच्या तीन घरांत एकच प्रश्न विचारा: किती फुटाला?

एवढं करून घर घ्यायचं ठरलं तरी घ्या. सगळ्यांना विश्रामबागेत परवडत नाही, मला कळतं. पण मग दर त्या आकड्याचा द्या, बोर्ड वर घ्या, माळा मजबूत करा. माझी महापालिकेकडे मागणी एकच आहे. हा आकडा प्रत्येक गल्लीच्या तोंडाला आणि प्रत्येक घराच्या उताऱ्यावर लिहा. सगळ्यांचाच लिहिला तर एकट्या काकांवर खोटं बोलायची वेळ येणार नाही.

ते घर तीन महिन्यांनी विकलं गेलं. बाहेरगावहून आलेल्या एका कुटुंबाने घेतलं. मला माहीत होतं, पण "आपल्याला काय करायचंय" म्हणून मी गेलो नाही. गेल्या आठवड्यात गेलो. त्यांनी चहा दिला. मी आकडा सांगितला. बाई आत निघून गेल्या. ते गृहस्थ बराच वेळ भिंतीकडे बघत बसले, मग म्हणाले, "आता सांगताय होय?"

म्हणून ही पोस्ट. खाली आपापल्या गल्लीचं नाव आणि आकडा लिहा. दर पडेल म्हणून घाबरू नका. मी माझ्यापासून सुरुवात करतो: आमच्या गल्लीच्या तोंडाला ५२ फुटाला पाणी येतं. २०१९ ला आमच्या तिसऱ्या पायरीवर होतं.