राजा आणि गुमास्ता

आमच्या नामपूरच्या पेठेत सोनाराच्या दुकानी बसलेल्या गिऱ्हाइकाकडे ज्याने कधी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. मोसमकाठचा बागायतदार लेकीच्या लग्नाचे दागिने घ्यावयास येतो, तेव्हा तो प्रथम दागिन्यांकडे पाहतच नाही. तो दुकानातल्या माणसाकडे पाहतो. थोरले शेठ गादीवर आहेत काय, आणि ते नसल्यास निदान आपल्याला ओळखणारा जुना गुमास्ता तरी आहे काय, याची खात्री पटल्यावरच तो पायातले जोडे काढतो. मग पाणी येते, पावसाची व कांद्याच्या भावाची विचारपूस होते, मागे आजीच्या पाटल्या मोडल्या तेव्हा त्यांचे वजन किती भरले होते हे तो गुमास्ता वही न उघडता सांगतो, आणि मग कोठे पेटी उघडते. या घरात सोने किती आहे, त्यातले गहाण किती, कोणत्या सुनेचे कोणते मोडले आणि कोणाच्या आजारपणात मोडले, हे त्या माणसाला जितके ठाऊक असते तितके घरच्या कर्त्या पुरुषालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

युरोपातील भारी दुकानांत विक्रेत्याशी सलगी कशी जोडावी, त्याने आपल्याकरिता उत्तम नग मागे काढून ठेवावा म्हणून काय करावे, याची हल्ली सुशिक्षित समाजात बरीच चर्चा होत असते. जणू ही कोणी नवी विद्याच निघाली आहे! वस्तुतः ही विद्या पेढीइतकीच जुनी आहे. तिचा आमच्या मराठी लोकांपुरता इतिहास पाहू जाता तो सर्वांत स्पष्ट दिसतो बडोद्याच्या गायकवाडांच्या घराण्यात. आणि त्या इतिहासातील मुख्य पुरुष आमच्या शेजारचाच. नामपुराहून मोसमच्या धारेने खाली गेले म्हणजे मालेगाव लागते. त्या मालेगावच्या टापूतील कवळाणे या खेड्यात काशीराव गायकवाडांच्या शेतकरी घरात ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव नावाचा मुलगा जन्मास आला. तोच पुढे श्रीमंत सयाजीराव महाराज झाला, हे सर्वश्रुत आहे.

परंतु गोपाळराव बडोद्यास जाण्यापूर्वीची हकीकत आधी सांगितली पाहिजे. कारण तो ज्या जवाहीरखान्याचा धनी झाला, तो जव्हेऱ्यांच्या ओळखीपाळखीवरच उभा राहिलेला होता. खंडेराव महाराजांना रत्नांचा षोक विलक्षण. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला व पैलू पाडल्यावर सुमारे १२८ कॅरट भरलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा त्यांनी सुमारे ८०,००० पौंडांस घेतला. मदिनेस अर्पण करण्यासाठी म्हणून त्यांनी मोत्यांची चादर करविली. तीत लक्षावधी मोती गुंफले होते. १८७० साली महाराज वारले आणि चादर बडोद्यातच राहिली. असा गिऱ्हाईक असल्यावर राजवाड्याच्या देवडीवर जव्हेऱ्यांची रांग न लागेल तर नवल! या व्यवहाराची रीत ‘जांगड’ म्हणून प्रसिद्ध आहे. जव्हेऱ्याने माल सरकारस्वारीपुढे ठेवावा, तो पसंतीसाठी आत जावा, दिवस जावेत, महिने जावेत, आणि पसंत पडल्यास पैका मिळावा, न पडल्यास नग परत यावा. कागदावर सही नाही, किंमत ठरलेली नाही. सर्व काही विश्वासावर. मात्र हा विश्वास महाराजांवरचा नव्हे, हे विसरता कामा नये. तो मधल्या माणसावरचा असे. खासगीकडील कारभारी कोण, त्याला काय आवडते, दिवाळीस त्याच्या घरी काय पाठवावे, हे ज्या गुमास्त्याला कळे त्याचा माल आत जाई.

या मधल्या माणसांच्या ओळखीने काय अनर्थ ओढवू शकतो, ते खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांच्या खटल्यात दिसून आले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. पेल्याच्या तळाशी सोमल सापडला, आणि त्यासोबत चकाकणारी पूड होती ती हिऱ्याची असावी, असा तर्क निघाला. हिऱ्याची पूड म्हटल्याबरोबर जव्हेऱ्याचे नाव आले. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनी हेमचंद फत्तेचंद या जव्हेऱ्याकडून हिरे आणविले, आणि तो खर्च हिशेबात भलत्याच सदरी टाकला, असा सरकारपक्षाचा आरोप होता. बिचाऱ्या हेमचंदाची पोलिसांपुढील जबानी आणि आयोगापुढील साक्ष यांचा मेळ काही बसला नाही. ज्या जांगडीच्या व्यवहाराचे सारे बळ तोंडी बोलण्यात, त्याला न्यायासनापुढे पुराव्याचे रूप द्यावयाचे म्हणजे दुसरे काय व्हावयाचे? कोणते हिरे, कधी आले, परत गेले की राहिले, याचे उत्तर ज्या दोघांतिघांना ठाऊक, त्यांतील प्रत्येकास स्वतःची मान वाचवावयाची होती. आयोगाच्या सहा सभासदांपैकी तिघा इंग्रजांनी महाराजांस दोषी मानले. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव या तिघांना आरोप शाबीत वाटला नाही. इंग्रज सरकारने अखेर विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस ठेवून गैरकारभाराच्या सबबीवर एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांस पदच्युत केले. आम्हांस या प्रकरणी मल्हाररावांची वकिली करावयाची नाही. सोन्याच्या तोफा ओतविणाऱ्या राजाची वकिली कोण करील? एवढेच नमूद करावेसे वाटते की, राजवाड्यात सर्वत्र मोकळेपणी वावरणारा जव्हेरी त्या एका वर्षात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि त्याची जुनी ओळख हाच त्याच्यावरील संशयाचा आधार ठरला.

२७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी कवळाण्याच्या गोपाळरावास दत्तक घेतले. बारा वर्षांचा, अक्षरशत्रू, गुरांमागे हिंडलेला तो मुलगा. आणि समोर तो जवाहीरखाना! राजा सर टी. माधवराव व मास्तर इलियट यांनी त्याला घडविले, त्याची कथा मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. आम्ही एकदम १९११ सालाकडे वळतो.

त्या वर्षी दिल्लीस बादशहा पंचम जॉर्ज यांचा दरबार भरावयाचा होता. हिंदुस्थानातील सारे संस्थानिक एका जागी जमणार, ही वार्ता युरोपातील जव्हेऱ्यांनी हेरली नसती तरच आश्चर्य. पॅरिसची १८४७ साली स्थापन झालेली कार्तिए नावाची पेढी आहे. तिच्या लंडन शाखेचा कारभार पाहणारा झाक कार्तिए हा स्वतः जहाजात बसून मुंबईस आला. त्याच्याबरोबर मोरिस रिशार नावाचा पेढीचा अनुभवी विक्रेता होता. आम्हांस या दोघांत रिशार अधिक लक्षात घेण्याजोगा वाटतो. मालकाचे नाव पाटीवर असते. पण राजेलोकांचा स्वभाव, त्यांच्या कारभाऱ्यांचे मानपान, कोणापुढे कोणती पेटी उघडावी आणि कोणती मिटलेलीच ठेवावी, हे जाणण्याचे काम अशा माणसाचे. युरोपात जडजवाहीर बायकांनी ल्यावयाचे अशी समजूत. इकडे पाहतात तो शिरपेच, कंठे आणि तोडे पुरुषांच्याच अंगावर! बरोबर आणलेल्या नगांपैकी पुष्कळ नग येथे बिनकामाचे ठरले. मग त्यांना विकण्यापूर्वी शिकावे लागले. आणि शिकण्यासाठी येथील व्यापाऱ्यांशी स्नेह जोडावा लागला.

याच प्रवासात सयाजीरावांनी झाक कार्तिएला बडोद्यास बोलाविले आणि आपल्या जवाहिराची जुनी घडण मोडून ते प्लॅटिनममध्ये नव्याने जडविण्याचा विचार त्याच्यापुढे मांडला. दरबारच्या जव्हेऱ्यांनी या बेताला कसून विरोध केला. आमच्याकडील नवशिक्षित मंडळी याला क्षुद्र मत्सर म्हणतील. मत्सर होता, यात शंका नाही. परंतु त्याखाली पोटाचा प्रश्नही होता. कुंदनाच्या कोंदणात हिरा बसविणारा कारागीर, मोती पटविणारा, रेशमात गुंफणारा पटवेकरी, आणि या सर्वांचे काम राजवाड्यात नेणारा जव्हेरी, अशी ती साखळी. सोन्याऐवजी प्लॅटिनम आला की त्यातील एकाचीही विद्या उपयोगी पडावयाची नाही. शिवाय दुसरी एक गोष्ट. नग मोडून पुन्हा जडवावयाचा म्हणजे प्रत्येक खडा काढून तोलावा लागतो, तपासावा लागतो. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी ‘हा अमक्या पाण्याचा’ म्हणून आत दिला, त्यांच्या शब्दाची ती परकी माणसाच्या हातून होणारी झाडाझडती होती. तिला कोणता जव्हेरी खुशीने तयार होईल?

आणि गंमत पाहा. ज्यांच्या खजिन्यासाठी ही एवढी ओढाताण, त्या महाराजांनी दिल्लीच्या दरबारात बादशहापुढे जाताना जडजवाहीर अंगावर न घालता साधाच वेष केला, एकवार मान लववून पाठ फिरविली, आणि इंग्रजी पत्रांनी त्यावर केवढे काहूर माजविले! कवळाण्याच्या या मुलाला दागिन्याची किंमत जव्हेऱ्यांपेक्षा अधिक कळत होती, असे आम्हांस नेहमी वाटते. दागिना केव्हा घालावा हे पुष्कळांना कळते. केव्हा घालू नये हे थोड्यांना.

महाराजांची कन्या इंदिराराजे यांचा स्वभाव निराळा. त्याच दरबाराच्या सुमारास त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेला विवाह आपण होऊन मोडला आणि १९१३ साली कुचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. १९२२ साली वैधव्य आले. पुढे युरोपात त्यांच्या रसिकतेची ख्याती झाली. फ्लॉरेन्स शहरी साल्व्हातोरे फेरागामो नावाचा जोडे करणारा कारागीर होता. त्याच्याकडे त्यांनी एका वेळी शंभर जोडांची मागणी नोंदविली, आणि त्यांतील काही जोडांवर बसविण्यासाठी आपल्या संग्रहातील मोती व हिरे त्याच्या हवाली केले. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या जोडांची आठवण दिली आहे. चांभाराच्या हाती कोणी हिरे देते काय, असे आमच्या आजीने विचारले असते. परंतु त्यात जांगडीचीच जुनी रीत उलटी फिरलेली दिसते: पूर्वी दुकानदार आपला माल विश्वासाने राजवाड्यात ठेवी, आता राणी आपला माल विश्वासाने दुकानात ठेवू लागली. फ्रान्समधील विणकरांकडून त्यांनी साडीच्या पन्ह्याचे साधे शिफॉन मुद्दाम विणवून घेतले, आणि त्यांचे पाहून पांढऱ्या व फिक्या शिफॉनची साडी राजघराण्यांत रूढ झाली.

त्या साडीचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. पण येवला आमच्या जिल्ह्यात आहे, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ८ डिसेंबर १७६८ च्या पत्रात थोरले माधवराव पेशवे असावली दुपट्टे मागवितात, तेव्हा तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंगही सांगतात. विणकराला आपल्या धन्याची आवड माहीत आहे, आणि धन्याला विणकराच्या हातात काय आहे ते माहीत आहे, असे ते पत्र बोलते. पैठण-येवल्याच्या मागांवर असे पत्र येणे ज्या दिवशी थांबले, त्या दिवशी नुसते गिऱ्हाईक गेले नाही. विणकराला बरोबर प्रश्न विचारणारे माणूस गेले.

शेवटची हकीकत सीतादेवींची. सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांनी १९४३ साली सीतादेवींशी दुसरा विवाह केला. महायुद्ध संपताच या बाईंनी मोनॅको येथे बिऱ्हाड केले आणि बडोद्याच्या जवाहीरखान्यातील पुष्कळ रत्ने त्यांच्यामागून समुद्रापार गेली. पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या पेढीत त्यांचा मान राणीचा होता. त्यांच्याच पाचूंचा व हिऱ्यांचा कमळाच्या घाटाचा हार त्या पेढीने त्यांना घडवून दिला. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली प्रतापसिंहरावांचा राजेपणाचा अधिकार सरकारने काढून घेतला. दुकानातील आगतस्वागत मात्र त्यापायी लगेच कमी झाले नाही, कारण विक्रेत्याचा स्नेह संस्थानाशी नव्हता; तो पेटीशी होता. पेटीत जोवर काही शिल्लक होते तोवर दार उघडे राहिले, आणि पुढे तीच पेटी विकत घेण्यासाठीही उघडे राहिले.

१९५३ साली सीतादेवींनी आपल्या पायांतील पाचू-हिऱ्यांचे तोडे न्यूयॉर्कचे जव्हेरी हॅरी विन्स्टन यांस विकले. विन्स्टन यांनी ते मोडून त्यांचा कंठा केला, आणि तो विंडसरच्या डचेसला दिला. दोघीही त्याच दुकानाच्या मानाच्या गिऱ्हाईक. १९५७ साली न्यूयॉर्कमधील एका समारंभात डचेस तो कंठा घालून आल्या. सभोवती स्तुती चालली असता, हे पाचू माझ्या पायांतही इतकेच शोभत असत, असे सीतादेवी म्हणाल्या, अशी आख्यायिका आहे. डचेसने तो कंठा विन्स्टन यांच्याकडे परत पाठविला. त्यांनी तो ठेवून घेतला.