रॉक अँड रोल रेनिगेड

रॉक अँड रोल रेनिगेड हा मुंबईच्या रॉक मशीन या इंग्रजी रॉक बँडचा पहिला अल्बम असून तो १९८८ साली प्रकाशित झाला. बँडची स्थापना १९८४ मध्ये झाली. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व कीबोर्डवादक झुबिन बलपोरिया हे त्याचे प्रमुख सदस्य होत.

त्या काळी शहरातील बँड प्रामुख्याने ब्रिटिश-अमेरिकी गाणीच हुबेहूब वाजवीत आणि श्रोतेही त्यांचीच फर्माईश करीत. रॉक मशीनने स्वरचित गाणी ध्वनिमुद्रित केली. अल्बमचे महत्त्व यातच आहे. शैली मात्र पाश्चात्त्य हार्ड रॉकचीच राहिली.

पाश्चात्त्य देशांत अल्बमआधी सिंगल काढून गाणे रेडिओवर पोहोचवीत. भारतीय कॅसेट बाजारावर चित्रपटसंगीताचे वर्चस्व असल्याने इंग्रजी रॉकच्या सिंगलला येथे फारसा ग्राहक नव्हता. गाण्यांची ओळख प्रत्यक्ष कार्यक्रमांतूनच होई. उपग्रह वाहिन्या आल्यावर ‘टॉप ऑफ द रॉक’ व ‘प्रेटी चाइल्ड’ यांच्या चित्रफिती एमटीव्हीवर दिसू लागल्या आणि सिंगलचे काम त्यांनी केले.

दुसरा अल्बम द सेकंड कमिंग १९९० मध्ये आला. १९९३ मध्ये बँडने इंडस क्रीड हे नाव धारण केले. १९९७ मध्ये तो विसर्जित झाला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र येऊन त्याने २०१२ साली इव्हॉल्व्ह हा अल्बम काढला.