पाटणच्या मठातला मोर

सातमाळ्याच्या डोंगरावर पाऊस कोसळतोय आणि तुम्ही ओलेचिंब होऊन पाटणच्या मठाच्या ओसरीवर चढता. भाद्रपद आहे, साल १२०७. देवगिरीच्या सिंघण यादवाचं राज्य. गेल्याच महिन्यात, श्रावणातल्या ग्रहणाला, निकुंभ वंशातल्या सोइदेवानं या मठाला दान दिलंय. कोणी तुम्हाला हटकत नाही. धूळ पसरलेली एक पाटी तेवढी पुढ्यात सरकते.

आचार्य सांगू लागतात. नऊ हात उंच खांब. माथ्यावर मोर, बुंध्याशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे निघालाय. मोर तिरपी झेप घेतो. दोघं सारखंच अंतर कापतात, तर गाठ कुठे पडेल?

तुमचं बोट धुळीत ‘क्ष’ काढू लागतं. "पाहुणे, थांबा," आचार्य हसतात, "आधी मोर बघा."

एक पोरगा धडाधड बोलतो: नऊचा वर्ग ८१, भागिले २७, आले ३. सत्तावीसातून तीन गेले, उरले २४. निम्मे १२. बिळापासून बारा हात!

"बरोबर. पण का?"

ओसरी गप्प. मग तुम्हालाच दिसतं: झेप म्हणजे कर्ण. बिळापासूनचं अंतर ही भुजा. दोन्ही मिळून २७, दोघांच्या वर्गांतला फरक ८१, म्हणजे वजाबाकी ३! कर्ण १५, भुजा १२. तुम्ही जवळजवळ ओरडताच. पोरं हसतात, आचार्य तुमच्याहून खूश.

हे गणित भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तलं. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव, सिंघणाचा ज्योतिषी, यानं हा मठ काढला. भास्कराचार्यांच्या लेकीचं लग्न आणि घटिकापात्रात पडलेला मोती ही गोष्ट इथे कोणाला विचारू नका. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून आली. मला तरी तिची गरज वाटत नाही. मोर पुरेसा आहे.

अंधारून येतं, दिवा लागतो. मठाला तेल गावचे तेली देतात, चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी. बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटाही मठाकडे वळवलाय, शिवाय पाच पोफळं. हे सगळं पाटणच्या शिलालेखात कोरलंय. त्यातले वरचे श्लोक संस्कृतात आहेत. तेला-सुपारीचा हा हिशेब मात्र मराठीत आहे. भाऊ दाजी लाडांनी हा शिलालेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला.