न फिरवल्यामुळे

दारात हत्ती झुलवणं निराळं आणि रोज त्याच्या पोटाला घालणं निराळं, हे आपल्या वाडवडिलांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या काळी इटलीची शर्यतवजा मोटार नव्हती, म्हणून त्यांनी हत्तीवर भागवलं. हत्ती बिचारा झाडपाला खातो. जुनी फेरारी आधी आपल्याला काय खायचं ते ठरवते, ते इटलीहून मागवायला लावते, आणि आल्यावर ‘हे नव्हे, याच्या पुढच्या सालचं हवं होतं’ म्हणून ताट सरकवते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या नात्यातच एक आहे. माझा थोरला मामेभाऊ इंग्लंडात डॉक्टर होता. आम्ही त्याला दादा म्हणतो. जन्मभर बेतानं राहिला; चहाची पिशवीसुद्धा दोनदा वापरणारा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक काशीयात्रा करतात. दादानं २०११ साली १९७८ ची लाल फेरारी घेतली. वहिनींनी मला बातमी दिली ती अशी: “भावोजी, यांनी सवत आणलीय. वय तेहतीस आणि औषधपाणी माझ्या चौपट!”

मोटारीच्या बाबतीत माझा अधिकार स्कूटर आडवी करून चालू करण्यापलीकडे कधी गेला नाही. पण मुलगी घरात यायची तर कुळ पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणून मी या सवतीचं कुळ काढलं.

मूळ पुरुष एन्झो फेरारी. जन्म १८९८, गाव मोदेना. हे गृहस्थ तरुणपणी स्वतः शर्यतीत गाडी पळवीत. १९२३ साली रावेन्नाजवळ एक शर्यत त्यांनी जिंकली. पहिल्या महायुद्धात कामी आलेला फ्रान्चेस्को बाराक्का नावाचा वैमानिक त्या भागातला. त्याच्या विमानावर उसळत्या घोड्याचं चित्र असे. ते चित्र गाडीवर लावा, लाभेल, असं बाराक्काच्या आईनं आपल्याला सुचवलं, असं एन्झो सांगत. १९२९ साली त्यांनी संस्था काढली तिचं नाव स्कुदेरिया फेरारी. स्कुदेरिया म्हणजे पागा. तेव्हा ही मंडळी पहिल्यापासून घोडेवाली. १९४३ मध्ये कारखाना मारानेल्लोला गेला आणि १९४७ साली फेरारी हे नाव लावलेली पहिली गाडी बाहेर पडली. दीड लिटरचं इंजिन आणि त्यात बारा सिलिंडर. दीड खोलीत बारा माणसं म्हणजे काय, हे चाळीत वाढलेल्यांना समजावून सांगायला नको.

एन्झोंना वेड शर्यतींचं. रस्त्यावर चालवायच्या गाड्या ते विकत, त्या शर्यतींचा खर्च भागवण्यासाठी. म्हणजे गिऱ्हाईक हा मुळात वर्गणीदार. गणपतीची वर्गणी देणाऱ्यानं मांडवात पंखा का नाही म्हणून विचारू नये, तसंच फेरारी घेणाऱ्यानंही फार काही विचारू नये असा तिथला शिरस्ता.

एका वर्गणीदारानं मात्र तोंड उघडलं. त्यांचं नाव फेरुच्चो लाम्बोर्गिनी. शेतकऱ्याचा मुलगा, युद्धानंतर ट्रॅक्टर बनवून गब्बर झालेला. त्यांच्या फेरारीचा क्लच वरचेवर जाई. बिलं भरून भरून ते टेकीला आले आणि एके दिवशी गाडी आपल्याच कारखान्यात उघडली. पाहतात तो काय, आतला क्लच आपण ट्रॅक्टरला लावतो त्याच जातीचा! किंमत मात्र कितीतरी पट. तक्रार घेऊन एन्झोंकडे गेले, तर ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर चालवावा अशा अर्थाचं उत्तर मिळालं. ही गोष्ट फेरुच्चो स्वतःच सांगत, तेव्हा तिच्यात तिखटमीठ किती ते त्यांनाच ठाऊक. पण १९६३ साली त्यांनी सांतआगाता गावी मोटारींचा कारखाना काढला, हे काही तिखटमीठ नव्हे. दुरुस्तीच्या बिलावर आपण फार तर शेजाऱ्याजवळ करवादतो; या गृहस्थानं घराणंच वेगळं मांडलं.

त्या घराण्यातही नखरे कमी नव्हते. १९७४ पासून विक्रीला आलेल्या त्यांच्या एका गाडीचं नाव कुन्ताश. हा पीदमाँत प्रांतातला उद्गार, साधारण आपल्या ‘अबब!’सारखा. तिची दारं कात्रीसारखी वर उघडतात आणि मागचं जवळजवळ काही दिसत नाही. म्हणून गाडी मागे घ्यायची तर मालकानं दार वर करायचं, उंबऱ्यावर बूड टेकायचं आणि मान बाहेर काढून मागं बघत हाकायची. एवढे पैसे मोजून शेवटी बैलगाडीवाल्याचीच बैठक!

आता आमची सवत. ही ३०८, पॅरिसच्या १९७५ च्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढं आली. रूप पिनिनफारिनाच्या लिओनार्दो फिओरावान्तींनी रेखलेलं. सुरुवातीच्या काही शे गाड्यांचं अंग फायबरग्लासचं, पुढच्यांचं पत्र्याचं. पाठीमागे आडवं बसवलेलं आठ सिलिंडरांचं इंजिन आणि त्यावर चार वेबर कार्बुरेटर. त्याआधी १९६९ साली फियाटनं फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला होता. याच फियाटची ११०० कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई आणि पुढे पद्मिनी झाली. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झालेली आपली काळीपिवळी टॅक्सी नात्यानं फेरारीची चुलत बहीण! पद्मिनी अडली की टॅक्सीवाला पाना आणि सुतळी घेऊन बॉनेटखाली शिरे आणि पाच मिनिटांत पुन्हा मीटर पाडी.

फेरारीला सुतळी चालत नाही. ३०८ चे कॅमशाफ्ट फिरवायला दोन रबरी पट्टे असतात. गाडी चालो न चालो, दर तीन-चार वर्षांनी ते बदलायचे. कारण पट्टा तुटला तर खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं भंगार होतं. व्हॉल्व्ह सोळा. प्रत्येकाची एक चकती. ती काढायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची आणि कमीजास्त जाडीची दुसरी घालायची. सोनारही इतकं बारीक बघत नसेल, आणि मजुरी तर नक्कीच इतकी घेत नसेल.

तरी ३०८ गरीब स्वभावाची. १९८४ ची टेस्टारोसा पाहा. तिचे पट्टे बदलायला अख्खं इंजिन गिअरबॉक्ससकट खाली उतरवावं लागतं. म्हणजे चष्म्याचा नंबर बदलायला मुंडकं धाडायचं! १९८९ च्या ३४८ ची आणि १९९४ च्या ३५५ ची तीच तऱ्हा. १९९९ च्या ३६० मध्ये बैठकीमागं एक झडप ठेवून तिथून हात घालायची सोय झाली, आणि २००४ च्या ४३० मध्ये पट्टे जाऊन साखळी आली. एवढ्या बुद्धिमान माणसांना दुरुस्तीवाल्यालाही हात असतात हे सुचायला इतकी वर्षं लागली.

मग माणसं हा उपद्व्याप करतात कशाला? मी दादालाच विचारलं. तो म्हणाला, “उद्या सकाळी चल.”

रविवारी सकाळी त्यानं किल्ली फिरवली, पंपाची टकटक ऐकली, पेडल चारदा दाबलं, मग स्टार्टर मारला. पूजेच्या आधीचं आचमन असावं तसं सगळं क्रमवार. निघालो. पहिल्या गिअरमधून त्यानं एकदम तिसरा टाकला.

“दादा, अरे दुसरा राहिला!”

“तेल गरम होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. म्हाताऱ्याला झोपेतून उठवून लगेच जिना चढायला सांगतोस का तू?”

गाव संपलं. तेल तापलं. दादानं दुसरा टाकला तेव्हा गिअरचा दांडा लोखंडी खाचेतून असा खट्कन बसला, की हुशार विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर द्यावं. मग त्यानं पाय दाबला. सहा हजार फेऱ्यांच्या पुढं त्या आठ सिलिंडरांनी माझ्या पाठीमागं जो सूर लावला त्याला मोटारीचा आवाज म्हणणं म्हणजे तानेला घशाचा आवाज म्हणणं. मी दादाकडे बघितलं. चहाची पिशवी दोनदा वापरणारा माणूस तिथं नव्हताच. मामाच्या आमराईत भर दुपारी झाडावर चढलेला पोरगा होता.

घरी येताना मला आमच्या आजोबांचं कोडं आठवलं. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. मारानेल्लोच्या घोड्याचीही गत तीच. उभा ठेवला की रबरी सील वाळतात आणि तेल गळू लागतं. कार्बुरेटरात पेट्रोलचा चिकट थर धरतो, ब्रेक चिकटतात, टायर एका बाजूला बसतात. फिरवावी तर खर्च, न फिरवावी तर त्याहून मोठा.

तरी न फिरवणारेच वाढत चालले आहेत, आणि त्याचं कारण किंमत. १९६२ ते १९६४ या काळात फेरारीनं २५० जीटीओ नावाच्या फक्त ३६ गाड्या केल्या. त्यातली एक टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कुलात मुलांना दुरुस्ती शिकवायला होती! १९७२ साली ती ६,५०० डॉलरना गेली आणि नव्या मालकाकडे वर्षानुवर्षं उघड्यावर ऊनपाऊस खात पडली. तिच्याच एका बहिणीला २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. अशी वस्तू घेऊन कोण भाजीला जाईल? ‘पिंक फ्लॉइड’चा निक मेसन आपली जीटीओ शर्यतीत पळवतो, पण असे थोडे. बाकीचे तिला हवाबंद खोलीत ठेवतात आणि भाव बघतात. पूर्वी गाडी हयगयीनं सडायची, आता काळजीनं सडते.

आणि सडते ती एकटी गाडी नव्हे. दादाचा मिस्त्री सत्तरीचा. रबरी नळीचं एक टोक तो कानाला लावतो, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरतो आणि आठही तोंडांचा फुत्कार एका सुरात येईपर्यंत स्क्रू पिळत राहतो. मोजायची उपकरणं त्याच्याकडे आहेत, पण शेवटचा निकाल कानाचा. जुन्या गाड्यांसाठी फेरारीनं २००६ साली वेगळा विभाग काढला. तिथं मूळ नकाशांवरून मोडलेला भाग पुन्हा घडवून देतात. कानाचा नकाशा कुठल्या कपाटात ठेवणार? या मिस्त्रीच्या हाताखाली एक पोरगा आहे. बिल पाहून मी डोळे पांढरे केले तेव्हा दादा म्हणाला, “अरे, यातलं निम्मं त्या पोराच्या शिकवणीची फी समज. आम्ही चारजण ती भरतो म्हणून म्हातारा अजून शाळा उघडी ठेवतो.”

दोन वर्षांपूर्वी दादाच्या गुडघ्यानं संप केला. ३०८ चा क्लच दाबायचा म्हणजे पाण्याचा हातपंप मारण्यापैकी. गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक आलं, भाव चांगला दिला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की आपल्याकडे अशा सात आहेत, खास कोठारात, एकीलाही बाहेरचं वारं लागू देत नाही. दादा गप्प झाला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, त्या माणसाला इंग्रजीत नम्रपणे नकार दिला आणि दादाला मराठीत म्हणाल्या, “सवत असली तरी घरची आहे. कोंडून ठेवायला नाही द्यायची.”

हल्ली रविवारी तो पोरगा चालवतो आणि दादा शेजारी बसून तेल तापेपर्यंत “दुसरा नको, दुसरा नको” म्हणत असतो. निघताना वहिनी दोघांना डबा देतात आणि गाडीच्या मागच्या भागाकडे बघून विचारतात, “पट्टे कधी बदललेत?”